काउंटर गेलं, रांग राहिली: नव्या रूपातल्या दुकानाचे आठ महिने

मी वर्षानुवर्षं ज्या दुकानातून लॅपटॉप, फोन आणि सटरफटर केबल घेत आलोय, ते आतून पार बदलून पुन्हा उघडलं त्याला आता आठ महिने झाले. उघडलं त्या आठवड्यात बघ्यांच्या गर्दीत मीही होतो. भिंतभर स्क्रीन, मोठाल्या कुंड्यांत खरी झाडं, लांबच लांब लाकडी टेबलं आणि बाकी सगळी मोकळी जागा. निम्मे लोक फोटो काढत होते, उरलेले "माल कुठे ठेवलाय?" असं विचारत होते. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "दुकान आहे की विमानतळ?" तेव्हा मला ते अगदी पटलं होतं. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. त्यानंतर सात-आठ फेऱ्या झाल्या आणि मत बरंच बदललं.

ज्या मोकळ्या जागेवर सगळे नाक मुरडत होते, तीच आता मला सगळ्यात आवडते. पूर्वी दोन रॅकमधून जाताना पाठीवरच्या बॅगेनं खोकी पडायची. आता टेबलाशी उभं राहून अर्धा तास लॅपटॉप चाळला तरी कुणी "काय हवंय?" म्हणत मागे लागत नाही. मी एका लॅपटॉपवर चक्क पानभर पत्र टाइप केलं आणि उजवीकडची शिफ्ट की इतकी आखूड आहे की करंगळी दर वेळी चुकते, हे तिथेच कळलं. दुसरं मॉडेल घेतलं. केबल, कव्हर वगैरे मात्र सगळं ड्रॉवरमध्ये गेलंय. मागितल्याशिवाय दिसत नाही.

झाडांचं कौतुक अजून चालू आहे. मला त्यांचा राग नाही, पण त्यांच्या भोवतीची काच, दगडी फरशी आणि उंच छत आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो (याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, 1911 साली एका फ्रेंच डॉक्टरनं मांडलेला), मग शेजारचाही चढवतो. शनिवारी संध्याकाळी मॉडेल नंबर मला तीनदा ओरडून सांगावा लागला. अशा कलकलाटात आवाज दाबणारे हेडफोन कानाला लावले की जादूच वाटते. मी त्या जादूला भुललो. घरच्या शांततेत ती निम्मीसुद्धा उरली नाही. दिव्यांचंही तसंच. स्क्रीनचा पांढरा साधारण 6500 केल्विनला धरून असतो (केल्विन म्हणजे उजेडाची छटा मोजायचं एकक, आकडा जितका मोठा तितकी छटा निळसर), आणि दुकानातला उजेड पिवळसर, त्यामुळे तिथे प्रत्येक मॉनिटर निळसर दिसतो. रंग पाहून मॉनिटर घेणार असाल तर तिथल्या नजरेवर विसंबू नका.

आता काउंटर. अॅपलनं 19 मे 2001 रोजी अमेरिकेत पहिली दोन दुकानं उघडली तेव्हा मदतीसाठी 'जीनियस बार' नावाचं काउंटर ठेवलं होतं. कल्पना चांगल्या हॉटेलांतल्या पाहुणचारावरून सुचलेली. 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानात त्या बारच्या जागी झाडांखालची टेबलं आली, कर्मचारी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसू लागले. पुढे त्यांच्याच काही दुकानांत बार परतलासुद्धा. आमच्याकडे मात्र काउंटर गेलं ते गेलंच. दारात टॅब्लेट घेतलेला मुलगा नाव लिहून घेतो आणि "थांबा, कुणीतरी येईल" म्हणतो. कुठे थांबा? कुठेही. मग हे लोक आपल्याला गर्दीत ओळखतात कसे, हे बॅटरी बदलायला गेलो तेव्हा कळलं. टॅब्लेट उलटा दिसत होता तरी वाचता आलं: "टक्कल, राखाडी शर्ट, निळी पिशवी". पुढच्या खेपेला नाव दिलं आणि मग एसीचा झोत लागला म्हणून टोपी घातली. मला शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली.

लोकांनी यावर स्वतःच तोड काढली. दुसऱ्या कुंडीपासून भिंतीकडे एक रांग लागते. पाटी नाही, दोरी नाही, पण नवा माणूसही आला की "शेवटचे कोण?" विचारून मागे उभा राहतो. सुरुवातीला कर्मचारी हसून सांगायचे, इथे रांग नसते. आता तेही आधी कुंडीकडेच बघतात.

बसण्याची सोय मात्र फोटोपुरतीच. पाठ नसलेली गुळगुळीत स्टुलं, तीही उंच. आईचा फोन दुरुस्तीला नेला तेव्हा पाऊण तास लागला. गुडघ्यांमुळे तिला स्टुलावर चढता येईना. "टेकायला काहीच नाही का रे?" असं तिनं मला विचारलं आणि ते टॅब्लेटवाल्या मुलानंही ऐकलं. तो आतून स्वतःची खुर्ची घेऊन आला. माणसं चांगली आहेत, हे लिहायलाच हवं. गेल्या महिन्यात कोपऱ्यात पाठीच्या चार खुर्च्या आल्यात. रंग बाकी कशाशीच जुळत नाही, आणि मी गेलो तेव्हा चारही भरलेल्या होत्या.

साडेतीन तारे. आवाजाचं काही केलं तर चार देईन. जाणार असाल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा, मॉडेल नंबर कागदावर लिहून न्या, आणि दुरुस्ती असेल तर थेट दुसऱ्या कुंडीपाशी.