मान वाकडी करणं सुटलं: ऑटोकॅडमधला फिरवलेला व्ह्यू, आठ महिन्यांनी

आमच्याकडे येणारा प्लॉट कधी सरळ नसतोच. सध्याच्या कामातला तर रस्त्याला धरून 37 अंशांनी तिरका. सर्व्हेची फाइल खऱ्या कोऑर्डिनेट्सवर असते, त्यामुळे ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रोटेट मारून अख्खं ड्रॉइंग सरळ करायची सोय नाही. पूर्वी मी तेच करायचे. मग स्ट्रक्चरलवाल्यांचा एक्सरेफ (माझ्या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेली त्यांची फाइल) शेजारच्या शेतात जाऊन पडायचा आणि फोन सुरू.

आधी डीव्ह्यू कमांडचा ट्विस्ट वापरून बघितला, त्याने ड्रॉइंग न हलता फक्त व्ह्यू फिरतो. (काही सिलेक्ट न करता एंटर मारलं की स्क्रीनवर एक चिमुकलं घर येतं, ते पहिल्यांदा बघून मी दचकलेच होते.) उणे 37 दिलं, प्लॉट आडवा झाला. पण यूसीएस (आपण ठरवलेले एक्स-वाय अक्ष) जागचा हलत नाही, म्हणून क्रॉसहेअर (कर्सरची फुली) तिरका, आणि ऑर्थो (रेघ अक्षांनाच धरून ठेवणारी सोय) लावून काढलेली भिंतही तिरकी. दोन दिवसांत सोडलं.

तेव्हापासून यूसीएस आणि प्लॅन (व्ह्यू यूसीएसप्रमाणे सरळ करणारी कमांड) ही जोडी. यूसीएस, कंपाउंडच्या रेघेचं डावं टोक, मग उजवं टोक, एंटर; प्लॅन, एंटर, एंटर. टोकं उलटी पकडलीत तर प्लॉट डोक्यावर उभा राहतो. एकदा जमलं की यूसीएसला नाव देऊन सेव्ह करा, माझ्याकडे 'रस्ता' आणि 'मागची भिंत' असे दोन आहेत. प्लॅन दिला की दर वेळी पूर्ण ड्रॉइंग झूम होतं, हे मात्र आजही डोक्यात जातं. यूसीएसफॉलो हे सेटिंग 1 केलं तर प्लॅन आपोआप होतो, पण मग यूसीएस बदलला की व्ह्यू उडी मारतो. मी परत 0 केलं.

नवा एक्सरेफ जोडायच्या आधी वर्ल्डवर, म्हणजे मूळ न फिरवलेल्या यूसीएसवर, या. नाहीतर 0,0 सुद्धा फिरवलेल्या यूसीएसचं धरलं जातं.

सर्वांत मोठी चूक माझीच. लेआउटमध्ये (प्रिंटच्या कागदावर) उत्तरेचा बाण सवयीने सरळ वर ठेवला आणि प्रिंट दिली. सरांनी लाल पेनने गोल करून विचारलं, "सूर्य आता पार्किंगमधून उगवणार का?" आता बाण मॉडेलमध्येच (मूळ ड्रॉइंगमध्ये) ठेवते, व्ह्यूपोर्टमध्ये (लेआउटवरच्या, मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीत) तो आपसूक फिरून येतो. व्ह्यूपोर्ट लॉक करायला तेवढं विसरत नाही.

सर्व्हेचे लेव्हलचे आकडे अजून तिरकेच वाचावे लागतात.