जुन्या सेडियाला बॉडी किट: फायबर, पीयू की एबीएस?

मित्सुबिशीची सेडिया दारात आहे आणि किट, म्हणजे बंपर-स्कर्टचा बाहेरचा संच, लावायचंच असं ठरवलंयस, तर आधी एक खूळ डोक्यातून काढ, मित्सुबिशीच्याच वेगवान लान्सर इव्होल्यूशनचा, म्हणजे इव्होचा, बंपर आणला म्हणून सेडियाची इव्हो होत नाही. दोघी सख्ख्या बहिणी दिसतात खऱ्या, पण इव्होचे पुढचे फेंडर, म्हणजे चाकावरचे पत्रे, रुंद, त्यामुळे खरा इव्हो बंपर सेडियाला बसतच नाही, मग फेंडर बदला, मग बॉनेट बदला, आणि एवढं सगळं करून आत तेच ११५ बीएचपीच्या आसपासचं दोन लिटर इंजिन. इव्हो लूक म्हणून सेडियाच्या मापावर बनवलेली किटं मिळतात, बघायची तर ती. आणि मटेरियल निवडताना मुंबई-पुण्याच्या पोरांचं ऐकू नकोस, आपल्या गोव्यातला हिशोब वेगळा आहे.

फायबर सगळ्यात स्वस्त आणि हलकं. काचेची चटई, वर रेझिन, हाताने साच्यात बसवलेलं, म्हणून एक पीस दुसऱ्यासारखा नसतो. हेडलाइटखाली बोटभर गॅप, फेंडरजवळ घासून कमी करावं लागतं, पुटी, परत घासणं, किटपेक्षा फिटिंगची मजुरी जास्त होऊ शकते. आणि ते वाकत नाही, सरळ तडकतं. बाहेरून केसाएवढी रेघ दिसते आणि आत चटई सुटलेली असते. पण गोव्यात याचा एक मोठा फायदा कोणी बोलत नाही, शापोऱ्यापासून बेतूलपर्यंत किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आहेत, म्हणजे त्या दुरुस्त करणारे हात पण आहेत. होडीची तडकलेली कड भरणाऱ्याला बंपर म्हणजे किस झाडकी पत्ती. मागून नवीन चटई मारून घ्यायची, नुसती वरून पुटी भरणाऱ्याकडे जाऊच नको.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचिक. घासलं, दबलं, परत जागेवर. वजन जास्त, पैसे जास्त, रंग मारताना त्यात रंग लवचिक ठेवणारं फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह घातलं नाही तर पीस वाकतो आणि वरचा रंग फुटतो, हे पेंटरला आधीच सांगायचं कारण तो विचारणार नाही. खरोखर फाटलं तर मात्र रिपेअर कटकटीचं, साधं रेझिन त्याला नीट धरत नाही. पार्सल आल्यावर गच्चीवर उन्हात उभं करून ठेवू नको, वाकडं होतं.

एबीएस म्हणजे कडक प्लॅस्टिक, दोघांच्या मधलं. मशीनवर बनतं म्हणून फिटिंग चांगलं, रंग छान धरतं, फुटलं तर प्लॅस्टिक वेल्डिंगवाला जोडून देतो. फक्त रंग न मारता काळं तसंच ठेवलं तर ऊन खाऊन ठिसूळ होतं. त्रास एकच, जुन्या सेडियासाठी एबीएसमधे चॉइस फार कमी, मिळालं तर सोडू नको.

कार्बन बॉनेटचा विषय मी काढत नाही, दोन उन्हाळे उघड्यावर पार्किंग केलं की वरचा पारदर्शक क्लिअर कोट पिवळा.

तर निवड कशावर करायची, तर तुझ्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, स्पीडब्रेकरवर. नियमातला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, त्यावरून लिप, म्हणजे बंपरखालची पट्टी, असलेली गाडी पण सावकाश जाते. वाड्यावरचा तसा असतो का कुठे! म्हणून पैसे द्यायच्या आधी किटची लिप जेवढी खाली येणार तेवढा जाड पुठ्ठा बंपरला टेपने चिकटव आणि घर ते ऑफिस चालव. संध्याकाळी पुठ्ठा फाटलेला असेल तर पुढच्या बंपरला पीयूच घे, दुसरा विचारच नको. मागच्या बंपरला फायबर चालतं, तिथे मार कमी बसतो. बाजूच्या स्कर्टला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, एबीएस, नाहीतर फायबर.

स्कर्टकडे मात्र नीट बघ, कारण गाडी खरी तिथेच सडते. दाराखालच्या पत्र्याला पाणी निघायला खाली बारीक भोकं असतात, फिटर घाईत सिलंट मारून ती बंद करतो, मग पावसाळाभर आत लाल माती साचून ओली राहते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून स्कर्ट एकदम चकाचक. भोकं मोकळी ठेवायला लाव, स्क्रू स्टेनलेसचे, आणि जिथे ड्रिल मारलं तिथे उघड्या पत्र्याला प्रायमर लावल्याशिवाय स्क्रू नाही, खाऱ्या वाऱ्यात एवढं करावंच लागतं.

वाइडबॉडीला माझं सरळ नाही. गाडीची रुंदी बदलली की आरसीशी मेळ बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यावरच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला ५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. सेडिया आपल्याकडे २००६ ला आली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांची १५ वर्षं कधीच संपली, आता दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करताना आरटीओवाला गाडी बघणारच. रंग बदलणार असशील तर तो पण आरसीवर चढवून घे.

इन्शुरन्समधे गंमत आहे. क्लेममधे प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३०. म्हणजे कागदावर फायबर फायद्याचं, पण किट आधी पॉलिसीत दाखवलेलं असेल तरच, नाहीतर शून्य.

आणि चवथीला नवीन किट घालून गाडी मिरवायची असेल तर रंगाचं काम मे महिन्यात उरकून घे. पावसात पुटी ओल पिते, पेंटर 'सुकलं सुकलं' म्हणून वर रंग मारतो आणि दिवाळीपर्यंत फोड.