हेबकॅल: ज्यू सणाची तारीख विचारायच्या आधी जागा विचारणारं कॅलेंडर

ज्यांना ज्यू सणांच्या तारखा कामासाठी लागतात, घरासाठी लागतात किंवा नुसतं कुतूहल म्हणून बघायच्या असतात त्या सगळ्यांना मी सरळ सांगते, हेबकॅल वापरा. फुकट आहे, साइट उघडली की तारखा समोर. डॅनी सॅडिनॉफ यांनी १९९२ मध्ये एक छोटा प्रोग्राम म्हणून हे सुरू केलं, पुढे मायकल रॅडविन यांनी ते वेबवर आणलं, आणि कोड खुला असल्यामुळे हिशोब कसा होतो ते कुणीही तपासू शकतं.

माझं काम मीटिंगा आणि डेडलाइन लावायचं, टीममधली माणसं तेल अवीव, न्यूयॉर्क आणि मेलबर्नला. आता कुणी म्हणेल फोनच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्यांची यादी येतेच की, मग हे वेगळं कशाला. तर अशा याद्यांमध्ये बऱ्याचदा सण एका तारखेला चिकटवलेला असतो आणि विषय संपतो, पण ज्यू दिवस सुरू होतो सूर्य मावळला की. २०२६ चा योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, २१ सप्टेंबर, सोमवार असा दिसतो, पण उपास रविवारी २० तारखेच्या संध्याकाळीच लागतो, आणि इस्रायलमध्ये रविवार हा कामाचा वार, त्यामुळे त्या दिवशी दुपारी उशिराचा कॉल ठेवणं म्हणजे समोरच्याला उपासाआधीचं जेवण आणि सिनेगॉग (ज्यू प्रार्थनाघर) या दोन्हीच्या मध्ये पकडून ठेवणं. हेबकॅल आदल्या संध्याकाळची वेगळी नोंद दाखवतं. मला तेवढ्यासाठीसुद्धा ते पुरेसं होतं.

पण खरी कमाल आहे ती इस्रायल की डायस्पोरा (म्हणजे इस्रायलबाहेरचे ज्यू) या एका सेटिंगमध्ये. ते आधी नीट लावा, मगच पुढचं बघा. पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, इस्रायलमध्ये ७ दिवस आणि बाहेर ८ दिवस (बाहेरसुद्धा सगळे पाळतात असं नाही, रिफॉर्म या उदारमतवादी पंथाची मंडळी बहुतेक ७ च धरतात), शावुओत, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ मिळाल्याचा सण, तिथे १ आणि बाहेर २. म्हणजे २०२६ मध्ये ९ एप्रिलला, गुरुवारी, तेल अवीवचं ऑफिस चालू आणि न्यूयॉर्कचा सण पाळणारा सहकारी सुट्टीवर, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर! हे का, तर पूर्वी नवा चंद्र दिसल्याची साक्ष जेरुसलेममध्ये घेऊन महिना जाहीर व्हायचा, डोंगरांवर जाळ पेटवून आणि नंतर निरोपे पाठवून ती बातमी लांब पोचवायचे, ती वेळेत पोचेलच याची खात्री नसायची म्हणून लांबच्या लोकांनी एक दिवस जास्तीचा धरला. पुढे गणिताने ठरणारं कॅलेंडर आलं, परंपरेनुसार चौथ्या शतकात धर्मप्रमुख दुसऱ्या हिल्लेलच्या काळात, तरी बाहेरच्या लोकांनी जास्तीचा दिवस सोडला नाही. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, मात्र दोन्हीकडे २ दिवस.

याचं आणखी एक टोक आहे जे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. २०२६ मध्ये शावुओतचा दुसरा दिवस शनिवारी, २३ मे ला येतो. तोरा दर शनिवारी एकेक भाग करून वाचतात. बाहेर त्या शनिवारी सणाचं वाचन, इस्रायलमध्ये सण आधीच संपलेला म्हणून तोराचा नेहमीचा पुढचा भाग. त्यामुळे जगभरचे ज्यू तोरा वाचनात एक आठवडा मागेपुढे होतात आणि जूनअखेरीस बाहेरचे दोन भाग एकत्र वाचतात तेव्हा गाडी पुन्हा एका रुळावर येते. सेटिंग बदलून दोन्ही याद्या शेजारी शेजारी उघडल्या की हे डोळ्यांनी दिसतं, मी तर बराच वेळ तेच बघत बसले.

शब्बात म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, त्याच्या मेणबत्त्या लावायची वेळ शहर टाकलं की येते. नेहमीचा हिशोब सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी, पण जेरुसलेम निवडलं की ४० मिनिटं, कारण तिथली रीतच तशी. ही रीत सॉफ्टवेअरने पाळावी याचं मला फार कौतुक वाटतं. हेलसिंकी टाकून बघा, डिसेंबरात दुपारचे तीन वाजलेत न वाजलेत तोवर मेणबत्त्या आणि जूनमध्ये रात्री साडेदहाच्या पुढे. मेलबर्नला तर ऋतूच उलटे, वसंतातला पेसाख तिथे शरदात.

पुरिम या सणासाठी जेरुसलेमचा कप्पा वेगळाच, बाकी सगळीकडे अदार या हिब्रू महिन्याची १४ तारीख आणि तिथे १५, कारण जुन्या तटबंदीच्या शहरांचा नियम. २०२६ मध्ये ३ मार्च आणि ४ मार्च.

पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग करणाऱ्यांनी एक नीट बघा. सप्टेंबर २०२६ ला सुरू होणारं ज्यू वर्ष ५७८७ हे १३ महिन्यांचं आहे, १९ वर्षांत अशी ७ येतात, दोन अदार असतात. म्हणून २०२६ ला २ एप्रिलला येणारा पेसाख २०२७ ला थेट २२ एप्रिलला, आणि रोश हशाना १२ सप्टेंबरवरून २ ऑक्टोबरला. गेल्या वर्षीची तारीख दहा-अकरा दिवस मागे ओढून अंदाज बांधणारे इथे हमखास फसतात.

तारीख बदलून देणारं पानही आहे, त्यात सूर्यास्तानंतर अशी एक छोटी टिक आहे, ती विसरू नका. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील संध्याकाळी गेले, अंधार पडल्यावर, त्या एका टिकेने त्यांची हिब्रू तारीख एका दिवसाने पुढे जाते आणि मग दरवर्षीचं यार्झाइट (पुण्यतिथी) त्याच दिवशी पाळायचं. पहिल्या अदारच्या ३० तारखेला कुणी गेलं असेल तर साध्या वर्षात ती तारीखच नसते, त्या वर्षी त्याआधीच्या शेवात महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, असे सगळे बारकावे माणसाने हाताने सांभाळणं अवघड आहे. इथे पुढच्या वर्षांची यादी एकदम मिळते.

नव्या माणसाला शब्द जड जातील, ओमर (पेसाख ते शावुओतची दिवसांची मोजणी), दफ योमी (तालमुद या ग्रंथाचं रोजचं एक पान), रोश खोदेश (महिन्याची सुरुवात), आणि सगळ्यावर टिक केली तर कॅलेंडर इतकं भरतं की तुमचं स्वतःचं काम शोधावं लागतं. मुख्य सण आणि उपास ठेवा, बाकी लागेल तसं. आणि काही प्रश्न कुठलंही गणित सोडवत नाही. १९४१ मध्ये जपानमधल्या कोबेला अडकलेल्या ज्यू निर्वासितांना योम किप्पुर बुधवारी की गुरुवारी हे कळेना, कारण दिवस बदलायची रेषा धर्माच्या हिशोबाने कुठे हेच वादात होतं. जेरुसलेमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बुधवार सांगितला, हझोन इश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या रब्बींनी बुधवारी जेवा आणि गुरुवारी उपास करा असं कळवलं. उत्तरेला जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही तिथेही तसंच, अशा ठिकाणी आपल्या रब्बींना विचारायचं.

टीमसाठी करणार असाल तर एकच कॅलेंडर सगळ्यांना पाठवू नका. इस्रायलचं वेगळं, बाहेरचं वेगळं अशा दोन लिंका बनवा, दोन रंग द्या आणि शहराचं नाव शीर्षकातच लिहा.