रॅगिंगविरोधी हेल्पलाइन: नंबर चांगला, पण फोन कोणी करायचा?

प्रवेश सुरू झाले की नागपुरात मेडिकल चौकापासून बजाजनगरपर्यंत होस्टेलांच्या भिंतींवर १८००-१८०-५५२२ हा नंबर लागतो. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन २००९ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. आमच्या मते पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण फोन उचलणाऱ्यांचा नाही. ज्याचा छळ होतोय त्यानेच फोन करावा असं सगळे धरून चालतात, गुण त्या समजुतीचे गेले. तो मुलगा सहसा फोन करत नाही, कारण वर्षभर त्याला त्याच मजल्यावर राहायचंय. फोन करू शकतो तो त्याच खोलीत भिंतीला टेकून हसणारा सेकंड इयरचा मुलगा.

हा हसणारा मुलगा वाईट नसतो, आणि हेच समजून घ्यायला हवं. ‘इंट्रो’, म्हणजे सीनियरांनी ज्युनियरांची घेतलेली ‘ओळख’, मेस आटोपल्यावर सुरू होतो. आधी नाव, गाव, बारावीचे मार्क. मग ‘मान खाली, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघ’. मग नव्वद अंशात वाकून सलाम. मग सीनियरांची जर्नलं लिहून देणं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून इतकीच वर असते की ‘आता पुरे’ म्हणायला जागाच सापडत नाही. येल विद्यापीठात १९६१-६२ साली मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांनी केलेल्या प्रयोगांत, प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून माणूस दुसऱ्याला किती झटके देत जातो ते पाहिलं. विजेच्या खोट्या झटक्यांची (देणाऱ्याला ते खरे वाटत) ३० बटणं होती, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, पंधरा-पंधराने वाढणारी. ४० पैकी २६ साधी माणसं शेवटच्या बटणापर्यंत गेली.

होस्टेलसाठी त्या प्रयोगाचे दुसरे दोन प्रकार जास्त कामाचे. एकात बटण दुसराच कोणी दाबत होता आणि माणसाकडे फक्त बाजूचं काम होतं. तिथे ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले. खोल्यांतून ज्युनियरांना बोलावून आणणारा, कडी लावणारा, मोबाइल धरणारा, हे ते ३७. ‘मी तर हातही नाही लावला’ हे वाक्य त्यांचंच. दुसऱ्या प्रकारात सोबतचे दोघे मध्येच उठले, आणि शेवटपर्यंत जाणारे उरले फक्त ४.

स्टॅनफर्डच्या १९७१ च्या तुरुंग-प्रयोगाचा (विद्यार्थ्यांनाच पहारेकरी आणि कैदी बनवलं होतं) दाखला प्रत्येक व्याख्यानात येतो: सत्ता दिली की कोणीही जनावर होतो. तो जपून वापरावा. पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं गेलं होतं, हे नंतर ध्वनिफितींतून पुढे आलं. होस्टेलमध्ये हे सांगणारा असतो फायनल इयरचा: ‘आमच्या वेळीही झालं बे, काही मेलो का आम्ही?’

आता सेवेकडे. नाव न सांगता तक्रार करता येते, हे तिचं सगळ्यात मोठं बळ. पण ‘आमच्या होस्टेलात रॅगिंग होतं’ एवढंच सांगितलं तर चौकशीत अख्खा मजला ‘नाही’ म्हणतो आणि कागद बंद होतो. कॉलेज, ब्लॉक, मजला, खोली क्रमांक, वेळ, नेमकं काय करायला लावतात, आणि पुन्हा कधी बोलावलंय, एवढं सांगा. दोघातिघांनाच ठाऊक असलेला तपशील मात्र टाळा, त्यावरून तुम्ही ओळखू येता. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. मारहाण त्याच क्षणी चालू असेल तर आधी ११२.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा इथे उपयोगी पडतो. त्यात रॅगिंग करणाऱ्यासोबत त्यात भाग घेणाराही येतो: २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड. कॉलेजमधून काढल्यावर ५ वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. दुर्लक्ष केलं तर तोही मदतनीस ठरतो. कडी लावणाऱ्याला हे कोणी समजावून सांगत नाही.

‘रॅगिंग करणार नाही’ असं प्रवेशावेळी लिहून घेतात ते हमीपत्र आम्हाला कमकुवत वाटतं. सही एकट्याने होते, छळ घोळक्याने. आणि सही करणाऱ्याच्या लेखी रॅगिंग म्हणजे दुसरे करतात ते, तो करतो तो इंट्रो. यूजीसीच्या २००९ च्या नियमांतली सामूहिक शिक्षा तर उलटी पडते. दोषी सापडले नाहीत म्हणून सगळ्यांना शिक्षा, म्हणजे बोलू पाहणाऱ्यालाही त्याच दोरीने बांधून टाकणं.

त्याच नियमांतलं चांगलं कलम म्हणजे पहिले तीन महिने, दर पंधरवड्याला, फर्स्ट इयरची निनावी पाहणी. त्यात ‘रॅगिंग’ हा शब्द घालू नका. ‘गेल्या १५ दिवसांत रात्री १० नंतर कोणी खोलीतून बोलावलं का? किती वेळा?’ असं विचारा. कागद वर्गात भरून घ्या, होस्टेलवर नाही, आणि गोळा वॉर्डनने करू नयेत.

सेकंड इयरच्या मुलाला फोनआधीही एक गोष्ट करता येते. पुढाकार घेणाऱ्याला नावाने हाक मारून ‘राहू दे, सकाळी त्याचं प्रॅक्टिकल आहे’ म्हणायचं, कडी काढायची आणि ज्युनियरला सोबत घेऊन बाहेर पडायचं. हे लवकर करावं, ‘तिसऱ्या बटणाकडे बघ’ म्हणतात तेव्हाच. जर्नलांपर्यंत गोष्ट गेली की स्वतःचाही हात त्यात अडकलेला असतो.

वॉर्डनसाठी: नंबरचा फलक जिन्यापाशी लावू नका. तिथे थांबून नंबर टिपणारा सगळ्यांना दिसतो. बाथरूमच्या दाराला आतून लावा, कडी घातल्यावर समोर येईल असा.