इंग्लंडमधला दत्तक-आधार निधी आणि त्यातून मिळालेली थेरपी: आमचा अनुभव

आमचा लेक साडेतीन वर्षांचा असताना घरी आला. आता नऊचा आहे. सातव्या वर्षी शाळेतून रोज फोन यायला लागले. घरी पोळीचे तुकडे, बिस्किटं उशीखाली लपवायचा. ‘लाडावलाय, जरा धाक लावा’ म्हणणारे पुष्कळ भेटले. धाक लावला की तो पलंगाखाली जाऊन बसायचा, तासन्‌तास.

अशा दत्तक मुलांच्या थेरपीसाठी इंग्लंडमध्ये २०१५पासून सरकारी निधी आहे. त्यासाठी पालकांना थेट अर्ज करता येत नाही. आधी कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडून, कुटुंबाच्या गरजांची तपासणी होते, मग अर्ज तेच करतात. दत्तकाचा आदेश झाल्यापासून तीन वर्षं ही जबाबदारी मूल ज्या कौन्सिलकडून आलं तिची असते, त्यानंतर तुम्ही राहता तिथल्या कौन्सिलची. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. चुकीच्या दारात चार महिने गेले.

थेरपी मात्र अप्रतिम! थेराप्ले म्हणतात तिला. कापसाचा बोळा फुंकर मारून एकमेकांकडे ढकलायचा, हातावरचे ओरखडे शोधून हळूच क्रीम लावायचं. पहिल्या दिवशी त्यानं हात ओढून घेतला. सातव्या सत्रात स्वतःच कोपर पुढे केलं, ‘आई, इथे पण लाव.’ गाडीत बसल्यावर मला रडू आवरलं नाही. बिस्किटांबद्दल थेरपिस्टनं सांगितलं, लपवू नको म्हणू नका, त्याला त्याचा स्वतःचा डबा द्या. उशाशी डबा ठेवला. दोन महिन्यांनी तो सकाळी भरलेलाच सापडू लागला.

म्हणूनच पुढचं फार लागलं. निधीची मुदत ३१ मार्च २०२५ला संपली, तोवर पुढच्या वर्षाचं काहीच जाहीर झालं नव्हतं. १ एप्रिलला ५ कोटी पौंडांची घोषणा झाली आणि दोन आठवड्यांत मुलामागे वर्षाला ५,००० पौंडांची मर्यादा ३,०००वर आली. तज्ज्ञांकडच्या विशेष तपासणीसाठी वेगळे २,५०० मिळायचे, तेही बंद झाले. आमचा नवा अर्ज अडकला, सत्रं थांबली. तिसऱ्या आठवड्यात लेकानं थेरपिस्टबद्दल विचारलं, ‘मी वाईट वागलो म्हणून ती भेटत नाही का?’ माणसं अचानक नाहीशी होतात, हेच तर त्याच्या मनातून काढायला आम्ही तिथे जात होतो. पैसे कमी करायचे तर निदान सहा महिने आधी सांगा, म्हणजे मुलाला नीट निरोप तरी घेता येईल.

थेरपीला पाचपैकी पाच, निधीच्या कारभाराला दोन.

अर्ज करणाऱ्यांनी तपासणीची मागणी लेखी करावी, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. तपासणीचा हक्क असला तरी थेरपी मिळेलच असं मात्र नाही. शाळेच्या ईमेल जपून ठेवा, आम्हाला त्यांचा फार उपयोग झाला. आमची सत्रं पुन्हा सुरू झाली आहेत, आता पंधरवड्यातून एकदा होतात. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी सोशल वर्करच्या मागे मी आतापासूनच लागले आहे.