सिलिॲक असताना: एकच मल्टिव्हिटॅमिन की सुट्या गोळ्या?

सिलिॲक म्हणजे गहू, बार्लीतल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्यापायी गहू बंद झालाय, पण रिपोर्टमध्ये फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), जीवनसत्त्व बी-12 आणि डी तिन्ही खाली. अशा वेळी रोज एकच मल्टिव्हिटॅमिन घ्यावी, की लोह, कॅल्शियम, डी वेगवेगळं? मी दोन्ही करून पाहिलंय.

एका गोळीची सोय मोठी आहे. जेवण झालं, गोळी घेतली, विषय संपला. रिपोर्ट जवळपास नॉर्मल आलेल्यांना ती पुरतही असेल. पण पुष्कळ मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह नसतंच किंवा नावापुरतं असतं. असलंच तर सोबतचं कॅल्शियम त्याचं शोषण अडवतं.

मला वैताग आला तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. पोट फुगलं की कारण सापडायचं नाही. पाकिटावर जीवनसत्त्वांची लांबलचक यादी, आणि शेवटी नुसतं 'एक्सिपियंट्स', म्हणजे गोळीत औषधाशिवाय घातलेले इतर पदार्थ. त्यातला स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हे राजारामपुरीतला मेडिकलवाला तरी कुठून सांगणार? त्यात नेहमीची स्ट्रिप संपलेली असली की 'कंटेंट सेमच आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीची हातात पडते. मग संशय कुणावर घ्यायचा? लोहावर, स्टार्चवर, की गिरणीत गव्हामागोमाग आपले जोंधळे दळले त्यावर?

सुट्या गोळ्यांत हा गुंता पुष्कळ सुटतो. डॉक्टरांना विचारून एक थांबवायची, बाकीच्या चालू ठेवायच्या. माझं तरी लोहाची गोळी बदलल्यावर पोट ताळ्यावर आलं. एकत्र गोळीत हे कळलंच नसतं.

वेळा सांभाळणं जिकिरीचं आहे, हे खरं. लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यापासून लांब. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. डीची 60,000 युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तशी आठवड्यातून एकदाच; चुकून रोज घेतली तर अंगाशी येईल. ती मी गंगावेशीतून आणलेल्या म्हशीच्या दुधातून घेतो, कारण डी स्निग्धाबरोबर चांगलं शोषलं जातं. टॉनिकची बाटली घेणार असाल, तर 'माल्ट' दिसलं की परत ठेवा. ते बहुधा बार्लीचं असतं.

आतडं भरून यायला महिने लागतात, कुणाला वर्षंही. तोवर सुट्या गोळ्याच बऱ्या, असं माझं मत. पुढे मल्टिव्हिटॅमिनवर यायला हरकत नाही, फक्त स्टार्च कशाचा ते कंपनीकडून आधी लेखी मागवा.