एलिक्विस: कूपन, कंपनीचं कार्ड आणि विमा, कशात किती पडतं?

नवऱ्याला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) निघाल्यापासून घरात एलिक्विस, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध, सुरू आहे. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे महिन्याला 60 गोळ्या. औषधाबद्दल तक्रार नाही, जे काही आहे ते किमतीबद्दल. आम्ही न्यू जर्सीत राहतो. विमा नवऱ्याच्या ऑफिसचा, मोठ्या डिडक्टिबलचा, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी एक मोठी रक्कम आपणच भरायची.

2025 मध्ये या औषधाची कंपनीने जाहीर केलेली किंमत महिन्याला 606 डॉलर होती. एवढे पैसे कोणी देत नाही असं सगळे सांगतात. पण जानेवारीत डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले की बिल त्याच्या आसपासच येतं. आम्हाला साडेपाचशेच्या वर सांगितले होते. डिडक्टिबल भरून झालं की तीच बाटली 45 डॉलरला. शिवाय पैसे जमेपर्यंत थांबू म्हणायची सोय नाही. गोळी मध्येच बंद केली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, असा चौकटीतला इशारा माहितीपत्रकात पहिल्यांदाच दिलेला असतो.

आधी फोनवरची फुकट कूपन अ‍ॅप पाहिली. माझी कोलेस्टेरॉलची गोळी जेनेरिक आहे. ती कूपनवर विम्यापेक्षाही स्वस्त मिळते आणि मी ती तशीच घेते. ब्रँडेड औषधाला मात्र या कूपनांनी फारसा फरक पडत नाही. एलिक्विसवर जेमतेम थोडेसे कमी झाले. वर आणखी एक मेख: कूपन विम्याच्या जागी चालतं, विम्याबरोबर नाही. त्यामुळे भरलेले पैसे डिडक्टिबलमध्ये आपोआप धरले जात नाहीत.

खरा उपयोग झाला तो औषध कंपनीच्या को-पे कार्डाचा. आपल्या वाट्याच्या बिलातला बराचसा भाग त्यावर कंपनी भरते. वेबसाइटवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की कार्ड लगेच मिळतं. त्यावर बिन, पीसीएन, ग्रुप आणि आयडी असे चार नंबर असतात. फार्मसीत आधी विमा लावायचा आणि उरलेल्या रकमेवर हे कार्ड. काउंटरवर नवीन माणूस असला की हा क्रम हमखास चुकतो आणि स्क्रीनवर पुन्हा तो भलामोठा आकडा दिसतो. ‘कार्ड सेकंडरी म्हणून टाका’ एवढं सांगितलं की झालं. आमची पावती 10 डॉलरची झाली!

पण विम्याच्या पोर्टलवर डिडक्टिबलच्या रकान्यात फक्त तेच 10 डॉलर जमा. कार्डाने भरलेले बाकीचे पैसे फार्मसीला मिळाले, विमा कंपनीने ते आमच्या नावावर धरले मात्र नाहीत. याला को-पे अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. वीसहून जास्त राज्यांनी यावर निर्बंध आणले आहेत, पण जिथे कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा खर्च कंपनी स्वतःच उचलते, त्या प्लॅनना राज्याचे हे कायदे लागू होत नाहीत. आमचा प्लॅन तसाच. एचआरला विचारलं तर त्यांनी शंभरेक पानांची पीडीएफ पाठवली, हवं ते वाक्य तिच्या पोटात कुठेतरी. कार्डाला वर्षाची कमाल मर्यादा असते हेही लक्षात ठेवा. ती वर्ष संपायच्या आत संपली तर डिडक्टिबल जवळपास पूर्ण बाकीच असतं.

ओळखीतल्या एका काकांना हे कार्ड सुचवलं, तर ते मेडिकेअरवर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर. सरकारी विमा असलेल्यांना असं कार्ड कायद्याने चालत नाही. त्यांच्यासाठी सरकारने कंपनीशी बोलून ठरवलेली किंमत 2026 पासून महिन्याला 231 डॉलर आहे आणि औषधांवरच्या खिशातल्या खर्चाला वर्षाला 2,100 डॉलरची मर्यादा आहे. ज्यांना विमाच नाही, त्यांना सप्टेंबर 2025 पासून कंपनी थेट 346 डॉलरला देते.

भारतातून मागव, असं पुण्याचे नातेवाईक दर फोनला सांगतात. तिथे अ‍ॅपिक्साबॅनच्या (एलिक्विसमधलं मूळ औषध) जेनेरिक गोळ्या सर्रास मिळतात. इथल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) जेनेरिकला 2019 मध्येच मंजुरी दिली, पण पेटंटच्या खटल्यांमुळे ते 1 एप्रिल 2028 च्या आधी बाजारात येणार नाही. तोवर टपालाने औषधं मागवायच्या भानगडीत मी पडणार नाही. मुळात तेही इथे नियमात बसत नाही.

दर वेळी फार्मासिस्टला ‘विम्याशिवाय किती?’ असं विचारते. 2018 च्या कायद्यापासून स्वस्त पर्याय सांगायला त्यांना कोणी बंदी घालू शकत नाही. पण आपण विचारल्याशिवाय ते बहुतेक वेळा सांगतही नाहीत. सध्या विमा आणि कार्ड दोन्ही मिळून चालू आहे. नोव्हेंबरात नवीन प्लॅन निवडताना हप्त्याच्या आधी अ‍ॅक्युम्युलेटरचं कलम शोधणार आहे.